घरच्या घरी व्यायामाची सवय आणि पोटाच्या स्नायूंची ओळख : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सांगलीत आमराईत सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या बोलण्यात आणि विश्रामबागेतल्या जिमच्या दारात एक प्रश्न सतत ऐकू येतो : पोट कमी करायला कोणता व्यायाम करू? पोटाचे स्नायू दिवसभर नेमके काय काम करतात, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी हा दुसरा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर कळले, की कोणता व्यायाम घ्यावा, किती करावा आणि कोणता सोडून द्यावा, हे बरेचसे आपोआप ठरते. ते न कळता सुरू केलेला व्यायाम बहुधा मान दुखली, कंबर धरली किंवा पंधरा दिवसांत कंटाळा आला, अशा एखाद्या कारणाने थांबतो. हा लेख घरात, सतरंजीवर, विकत आणलेल्या कोणत्याही साधनाशिवाय व्यायाम सुरू करू पाहणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी आहे.

चरबी वेगळी, स्नायू वेगळे

पोटाचा घेर दोन ठिकाणच्या चरबीमुळे वाढतो. एक थर त्वचेच्या लगेच खाली असतो आणि चिमटीत धरता येतो. दुसरी चरबी पोटाच्या पोकळीत, आतडी आणि यकृत यांच्या भोवती साठते; ती चिमटीत येत नाही, पण मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी तिचाच संबंध अधिक जवळचा आहे. पोटाचे स्नायू या दोहोंच्या मध्ये असतात. ते कितीही आवळले आणि सोडले, तरी केवळ शेजारची चरबी त्यांच्यासाठी खर्ची पडत नाही, कारण शरीर चरबीचा साठा रक्तावाटे सगळीकडून उचलते आणि कोणत्या भागातून आधी उचलायचे, हे वय, स्त्री-पुरुष भेद आणि आनुवंशिकता यांवर अवलंबून असते. म्हणून रोज शंभर सीट-अप्स, म्हणजे पाठीवर झोपून उठून बसण्याचा व्यायाम, काढणाऱ्या माणसाचे स्नायू मजबूत होतात, पण जेवण आणि चालणे पूर्वीसारखेच राहिले तर घेरही पूर्वीसारखाच राहतो.

हे वाचून काहींची निराशा होईल. परंतु दोन कामे वेगळी आहेत हे एकदा मान्य केले, की दोन्ही नीट करता येतात. घेर कमी करणे हे मुख्यतः आहाराचे, चालण्याचे आणि झोपेचे काम आहे. कंबर सांभाळणे, ओझे उचलताना पाठ न दुखावणे, वयाच्या साठीनंतरही जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता येणे, हे स्नायूंचे काम आहे. यांपैकी दुसऱ्या कामाचा फायदा आरशात दिसत नाही, म्हणून त्याची किंमत कमी लेखली जाते, आणि मला ते फार चुकीचे वाटते.

सुरुवातीला घेर एकदा मोजून लिहून ठेवावा. शिंप्याची टेप घ्यावी, सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर ती आडवी धरावी, आणि पोट आत न ओढता, सहज श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. त्यापुढे आकडा गेला तर रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घेणे योग्य. पुन्हा मोजमाप महिन्याने करावे, रोज नव्हे.

पोटाच्या भिंतीत काय काय असते

पोटाची पुढची आणि बाजूची भिंत प्रामुख्याने स्नायूंच्या चार जोड्यांनी बनलेली असते. त्या नुसत्या वाचून लक्षात राहत नाहीत, म्हणून सतरंजीवर पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, तळवे जमिनीला टेकवून हा भाग वाचावा आणि हात लावून प्रत्येक स्नायू ओळखावा.

बेंबीच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून फक्त डोके थोडे उचलले, की बोटांखाली दोन उभ्या पट्ट्या कडक होतात. हा सरळ स्नायू, म्हणजे रेक्टस ॲबडॉमिनिस. तो खाली जांघेच्या मध्यभागच्या हाडापासून निघून वर छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाला आणि पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चांना चिकटतो. दोन पट्ट्यांच्या मधून एक पांढरी तंतुमय रेषा जाते, आणि प्रत्येक पट्टीवर आडवे तंतुमय बंध असतात, जे बहुतेकांत तीन असतात. जाहिरातींत दिसणारे ‘सिक्स पॅक’ म्हणजे या बंधांमुळे पडलेले कप्पे होत. बंध किती, सरळ की तिरपे, दोन्ही बाजूंना सारखे की वरखाली, हे जन्मतःच ठरते आणि कोणत्याही व्यायामाने बदलत नाही. ज्याला बंधच कमी आहेत, त्याला कितीही कष्ट करून सहा कप्पे दिसणार नाहीत, आणि त्यात त्याचे काहीच कमी होत नाही.

आता हात बरगड्यांच्या खाली बाजूला ठेवावेत आणि उजवा खांदा उचलून डाव्या गुडघ्याकडे किंचित वळवावा. उजव्या बाजूचा बाहेरचा तिरका स्नायू ताणलेला जाणवेल. तो खालच्या आठ बरगड्यांपासून निघून खाली आणि पुढे उतरतो. पँटच्या पुढच्या खिशात हात घातल्यावर बोटांची जी दिशा असते, साधारण तीच त्याच्या तंतूंची. त्याच्या खालच्या थरात आतला तिरका स्नायू आहे आणि त्याचे बहुतेक तंतू जवळजवळ उलट्या दिशेने, कंबरेच्या हाडापासून वर आणि पुढे जातात. धड डावीकडे वळवताना उजवीकडचा बाहेरचा आणि डावीकडचा आतला, असे दोन स्नायू मिळून काम करतात. म्हणजे कोणत्याही वळण्यात दोन्ही बाजू गुंतलेल्या असतात, आणि व्यायाम एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी असा करून चालत नाही.

सर्वांत आतला थर आडव्या स्नायूचा, म्हणजे ट्रान्सव्हर्स ॲबडॉमिनिसचा. त्याचे तंतू कंबरेभोवती आडवे गुंडाळलेले असून मागे पाठीच्या जाड आवरणाला आणि पुढे त्या पांढऱ्या रेषेला जोडलेले असतात. तो ओळखायला थोडा वेळ द्यावा लागतो. कंबरेच्या हाडाची जी दोन टोके पुढे हाताला लागतात, त्यांच्यापासून दोन बोटे आत आणि किंचित खाली बोटांची टोके हलकेच रोवावीत आणि हळू खोकावे. काहीतरी बोटांना बाहेर ढकलते. नंतर खोकणे थांबवून, ओठांतून सावकाश श्वास सोडत जावा. श्वास संपत येताना त्याच जागी बोटांखाली एक मंद, खोल ताण येतो. बेंबी जोराने पाठीकडे ओढून हा ताण आणू नये. तो श्वासाबरोबर आपोआप यावा लागतो. पहिल्या दिवशी जाणवला नाही, तरी चिंता करू नये.

या आडव्या स्नायूची एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. निरोगी माणसाने हात झटकन उचलला, तर खांद्याचा स्नायू कामाला लागण्याच्या क्षणभर आधीच हा आतला स्नायू आवळलेला असतो. वारंवार कंबर दुखणाऱ्यांमध्ये तो उशिरा आवळतो, असे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, मागे मणक्यांलगतचे बारीक स्नायू आणि भोवती हा आडवा स्नायू मिळून धड हा एक झाकणबंद डबा होतो. चारही बाजू एकाच वेळी घट्ट झाल्या, की आतला दाब वाढतो आणि मणक्यांना आतून आधार मिळतो. धान्याचे पोते उचलताना, मोठ्याने हाक मारताना, शिंकताना, बाळंतपणात कळ देताना हाच दाब उपयोगी पडतो.

तेव्हा पोटाच्या स्नायूंचे मुख्य काम वाकणे हे नव्हे. हातपाय काम करत असताना धड जागच्या जागी स्थिर ठेवणे, हे त्यांचे मुख्य काम आहे. आपल्या जिल्ह्यात हे समजायला दूर जावे लागत नाही. हिंदकेसरी मारुती माने यांचे कवठेपिरान असो किंवा कुंडलचे मैदान असो, लाल मातीतल्या मल्लाच्या पोटावर कप्पे क्वचितच दिसतात, पण समोरचा पैलवान त्याला उचलू पाहतो तेव्हा त्याचे धड वाकत नाही. व्यायामाचा क्रम ठरवताना हेच ध्यानात ठेवायचे आहे : आधी स्थिर राहायला शिकायचे, नंतर हलायला.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

बेंबीजवळ, जांघेत किंवा जुन्या टाक्यांच्या जागी खोकल्यावर फुगवटा येत असेल, तर तो हर्निया असू शकतो. अशा वेळी पोटाचा कोणताही व्यायाम तपासणीआधी करू नये. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा पायात उतरणारी कंबरेची कळ असेल, तर आधी सल्ला घ्यावा. मिरज जवळ असताना हा सल्ला मिळायला अडचण नाही.

बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्यांना घरातून आणि शेजारातून मिळणारा सल्ला बहुधा पोट बांधण्याचा असतो. गरोदरपणात दोन सरळ पट्ट्यांमधली पांढरी रेषा ताणली जाऊन रुंद होते. अनेकींत ती काही महिन्यांत बरीच मिटते, काहींत मिटत नाही. पाठीवर झोपून डोके किंचित उचलल्यावर बेंबीच्या वरखाली मधल्या खाचेत दोनांपेक्षा अधिक बोटे आडवी मावत असतील, किंवा मध्यभागी उंचवटा उभा राहत असेल, तर सीट-अप्स आणि क्रंचेस (पाठीवर झोपून फक्त डोके आणि खांदे उचलण्याचा व्यायाम) पूर्णपणे बाजूला ठेवावेत आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे. पुढे दिलेला श्वासाचा पहिला व्यायाम सर्वसाधारण बाळंतपणानंतर लवकर सुरू करता येतो. बाकीचे सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, आणि सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांनी होकार दिल्यावरच.

सवय आधी, कष्ट नंतर

व्यायाम थांबतो तो शक्ती कमी पडते म्हणून नव्हे, तर त्याला दिवसात जागा ठरलेली नसते म्हणून. ‘उद्यापासून रोज सकाळी सहाला तासभर’ हा संकल्प कुपवाड एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात पाळता येत नाही, कारण त्याची सकाळ दर आठवड्याला बदलते. द्राक्षबागेत फळछाटणीच्या दिवसांत पहाटेच घर सोडणाऱ्या माणसालाही तो जमत नाही. म्हणून व्यायाम घड्याळाच्या काट्याला न बांधता रोज नक्की घडणाऱ्या एखाद्या कामाला बांधावा : दात घासून झाले की, पाळीवरून आल्यावर हातपाय धुतले की, मुलांचे डबे भरून त्यांना शाळेत धाडले की. घरातल्या सुनेला सकाळी पाणी भरणे, डबे, पूजा यांतून वेळ मिळत नाही हे खरे आहे. तिने सकाळचा हट्ट न धरता दुपारी भांडी आवरल्यानंतर काही वेळाने किंवा संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी जागा शोधावी, आणि घरच्यांनीही ती दहा मिनिटे तिची आहेत हे मान्य करावे. पूर्ण जेवणानंतर मात्र दोन ते तीन तास जाऊ द्यावेत.

एक काळजी सकाळी व्यायाम करणाऱ्यांनी घ्यावी. रात्री आडवे पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून किंचित फुगतात, त्यामुळे उठल्या उठल्या पूर्ण पुढे वाकल्यास त्यांच्यावर अधिक ताण येतो. उठल्यापासून निदान अर्धा तास पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत. श्वासाचे आणि स्थिर राहण्याचे व्यायाम चालतील.

एकवीस दिवसांत सवय लागते असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला आणि २०१० साली छापून आलेला अभ्यास वेगळे सांगतो. नवी कृती अंगवळणी पडायला लागलेला मधला काळ ६६ दिवसांचा होता, आणि माणसामाणसांत तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मला अधिक दिलासा देणारी वाटते : एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी व्यायाम जड वाटला, तर आपल्यातच दोष आहे असे समजू नये, आणि एक दिवस राहिला म्हणून आठवडा सोडून देऊ नये.

पहिले पंधरा दिवस व्यायाम मुद्दाम इतका थोडा ठेवावा, की थकलेल्या दिवशीही नाही म्हणवणार नाही. पाच मिनिटे पुरे. सतरंजी रोज त्याच जागी अंथरावी, झाल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करावी. एवढ्याने काय होणार, असे घरातले म्हणतील. पहिल्या पंधरवड्यात स्नायू वाढवायचे नसून जागा आणि वेळ पक्की करायची आहे, हे त्यांना सांगावे.

साधने विकत न घेण्याचा आग्रह मी पैशांसाठी धरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा शहरातल्या असंख्य कुटुंबांना घर सोडून नातेवाइकांकडे किंवा निवारा केंद्रात राहावे लागले. असा प्रसंग दरवर्षी येत नाही, पण माहेरी जाणे, लग्नकार्य, दवाखान्यात कोणाजवळ तरी राहणे हे येतच असते. माणसाच्या उंचीएवढी रिकामी जमीन मिळाली, की जो व्यायाम करता येतो, तोच अशा दिवसांतून टिकतो.

पहिली पायरी : पहिले दोन आठवडे

पाठीवर झोपावे, गुडघे वाकवावेत, तळवे जमिनीवर ठेवावेत. एक हात छातीवर आणि एक बरगड्यांच्या बाजूला ठेवून नाकाने असा श्वास घ्यावा, की छातीवरचा हात फारसा हलणार नाही आणि बाजूच्या बरगड्या रुंदावतील. मग मेणबत्तीची ज्योत न विझवता नुसती हलवायची असावी इतक्या मंदपणे, पाच-सहा सेकंद घेऊन, ओठांतून श्वास सोडावा. शेवटी पोटात खोलवर येणारा ताण ओळखून दोन सेकंद तसाच राहू द्यावा. आठ वेळा.

त्याच स्थितीत श्वास सोडत नितंब जमिनीवरून उचलावेत, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तिरपी सरळ रेषा झाली की थांबावे, पाच सेकंदांनी सावकाश खाली यावे. हा सेतुबंधासनाचाच सोपा प्रकार आहे. जोर टाचांत आणि नितंबांत जाणवला पाहिजे. कंबरेत चिमटा बसत असेल तर उंची कमी करावी. आठ वेळा पुरे.

तिसरा व्यायाम दिसायला अगदी क्षुल्लक आहे, आणि म्हणूनच तो घाईने उरकला जातो. एक हात कंबरेखालच्या पोकळीत सरकवावा. श्वास सोडत एक पाय, गुडघा वाकलेलाच ठेवून, मांडी उभी होईपर्यंत उचलावा आणि पुन्हा ठेवावा, मग दुसरा. हे करताना कंबरेखालच्या हातावरचा दाब वाढता कामा नये आणि कमीही होता कामा नये. दाब बदलला म्हणजे धड हलले, आणि धड हलले म्हणजे पोटाचे स्नायू आपले काम करत नव्हते. दोन्ही पायांनी सहा-सहा वेळा करावे. यात वेग असण्यापेक्षा दाब सारखा राहणे किती तरी अधिक मोलाचे आहे.

दुसरी पायरी : तिसरा ते सहावा आठवडा

आता पाठीवर झोपून दोन्ही हात छताकडे ताठ करावेत आणि दोन्ही गुडघे काटकोनात वर आणावेत. श्वास सोडत उजवा हात डोक्याच्या दिशेने आणि डावा पाय पुढे, जमिनीला न टेकवता, न्यावा, परत आणावा, मग दुसरी जोडी. जिममध्ये याला डेड बग म्हणतात. कंबर जमिनीवरून उचलली जाऊ लागली तर पाय तेवढाच कमी लांबवावा. दोन्ही बाजूंनी सहा-सहा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन दोनदा.

त्यानंतर चार पायांवर यावे : हात खांद्यांखाली, गुडघे कंबरेखाली. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, पाठीच्या रेषेत येईपर्यंतच उचलावा, पाच सेकंद थांबून बदलावे. ज्यांना पाठीवर झोपून उठताना त्रास होतो, त्या वयस्कर मंडळींनी हाच मुख्य व्यायाम धरला तरी चालेल. गुडघ्याखाली चादरीची घडी घ्यावी.

प्लँकबद्दल, म्हणजे कोपरे आणि पायांची बोटे टेकवून शरीर एका रेषेत ताठ धरण्याबद्दल, मात्र सावध करावेसे वाटते. मोबाइलवर पाहून पहिल्याच दिवशी जमिनीवर मिनिटभर टिकण्याची पैज लावली जाते, पंधराव्या सेकंदाला कंबर खाली झुकते आणि पुढची पंचेचाळीस सेकंदे भार मणक्यांवर जातो. त्याऐवजी पायऱ्या चढत जावे. आधी भिंतीला कोपरे टेकवून तिरके उभे राहावे, मग स्वयंपाकाच्या ओट्याला, मग भिंतीला पक्के लावलेल्या पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर गुडघे टेकवून, आणि सर्वांत शेवटी जमिनीवर पायांच्या बोटांवर. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंदांच्या पाच-सहा खेपा कराव्यात. दहाही सेकंद श्वास चालू आणि कंबर सरळ राहिली, तरच पुढच्या पायरीवर जावे. कुशीवर झोपून, कोपर आणि गुडघे यांच्या आधाराने कंबर उचलण्याचा व्यायामही याच पद्धतीने दोन्ही बाजूंनी घ्यावा; तिरक्या स्नायूंसाठी नवशिक्याला याहून चांगला व्यायाम मला दिसत नाही.

श्वास कोठेही रोखू नये. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब काही क्षण एकदम चढतो. तोंडातल्या तोंडात आकडे मोजत राहिले, की श्वास आपोआप चालू राहतो.

हे स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा चार दिवस, एक दिवस सोडून करावेत. मधल्या दिवशी तीच वेळ, तीच सतरंजी ठेवावी, पण श्वासाचा व्यायाम आणि गच्चीवर वा आमराईत भरभर चालणे असा कार्यक्रम असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम कष्टाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत. वरील रचना हळूहळू तेथपर्यंत पोहोचते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचे ऊन पाहता चालणे सकाळी आठच्या आत उरकावे.

नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू ठणकणे स्वाभाविक आहे. मात्र सुरीसारखी कळ, पायात मुंग्या किंवा बधिरपणा, छातीत दाब, चक्कर यांपैकी काहीही आले तर त्याच क्षणी थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

सीट-अप्सचे काय?

पाय पलंगाखाली अडकवून पूर्ण उठून बसण्याच्या व्यायामात पोटाचे स्नायू साधारण खांदे जमिनीवरून सुटेपर्यंत पुढाकार घेतात. तेथून पुढे मांडी वर उचलणारे खोल स्नायू धड ओढून आणतात, आणि ते कंबरेच्या मणक्यांना चिकटलेले असल्याने तेथे ताण देतात. मानेमागे हात गुंफून डोके ओढले, तर मानेचेही हाल होतात. कोणाला हा व्यायाम करायचाच असेल, तर दुसरी पायरी पूर्ण झाल्यावर, एक गुडघा वाकवून, हात कंबरेखाली ठेवून, डोके आणि खांदे जेमतेम उचलण्यापुरता करावा. नवशिक्याने तो वगळला तरी काही अडत नाही.

तिसरी पायरी : सहाव्या आठवड्यानंतर

आता हालचालीत धड स्थिर ठेवायचे आहे, आणि त्यासाठी आपल्याच परिसराने घडवलेला व्यायाम हाताशी आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी युरोपातील प्रसिद्ध बलोपासक यूजेन सँडो यांची शरीरसाधना अनुसरली, आणि पुढे ती मागे टाकून सूर्यनमस्काराला वाहून घेतले. संस्थानातील शाळांमध्ये तो नेमाने करवून घेतला. आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि कुंडल हा भागही तेव्हा त्याच संस्थानात होता. कोणत्याही साधनाशिवाय घरात करता येईल असा व्यायाम सामान्य माणसाला मिळावा, ही त्यांची तळमळ आजही तितकीच लागू आहे.

पोटाच्या दृष्टीने सूर्यनमस्कारात दोन जागा नीट कराव्यात. पाय मागे नेऊन शरीर एका रेषेत येते, तेथे आपण शिकलेला प्लँकच आहे. क्षणभर थांबून कंबर झुकत नाही ना हे पाहावे. भुजंगासनासारख्या स्थितीत पोटाची पुढची बाजू ताणली जाते. तेथे मान मागे फेकू नये आणि नितंब किंचित आवळलेले ठेवावेत. सुरुवात चार नमस्कारांनी करावी, दर आठवड्याला एक-दोन वाढवत बारापर्यंत जावे, आणि उजवा-डावा पाय आळीपाळीने मागे न्यावा.

दुसरा व्यायाम प्रत्येक घरात आहे, फक्त त्याला व्यायाम म्हणून पाहिले जात नाही. बादलीत पाच लिटर पाणी भरून ती एकाच हातात धरावी आणि अंगणात किंवा गच्चीवर तीस पावले ताठ चालावे, मग हात बदलावा. ओझे एका बाजूला असताना धड दुसऱ्या बाजूला कलू न देण्याचे काम तिरके स्नायू आणि कंबरेच्या बाजूचा खोल स्नायू करतात. जमू लागल्यावर पाणी दहा लिटरपर्यंत वाढवावे, म्हणजे साधारण दहा किलो वजन होते. बादली उचलताना गुडघ्यात वाकावे आणि उचलण्याच्या क्षणी श्वास सोडावा.

आहाराबद्दल थोडेच सांगतो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, ताक, पालेभाजी हे आपले रोजचे जेवण चांगलेच आहे. घेर वाढतो तो बहुधा मधल्या वेळच्या भडंग-फरसाणाने, दिवसातल्या चार-पाच गोड चहांनी आणि रात्री उशिराच्या जेवणाने. यांपैकी एकच गोष्ट निवडून महिनाभर बदलावी. स्नायूंना प्रथिने लागतात, म्हणून दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी असावे.

खंड पडल्यावर

गणपती, दिवाळी, लग्नसराई, ताप, परगावचे काम, खंड पडणारच. तीन-चार दिवसांचा असेल तर जिथे थांबलो तिथूनच पुढे जावे. आठ-दहा दिवसांपेक्षा मोठा असेल तर पहिल्या दिवशी फक्त पहिल्या पायरीचे तीन व्यायाम करावेत, दुसऱ्या वेळी नेहमीच्या निम्म्या खेपा, आणि आठवड्याभरात पूर्ववत यावे. चुकलेले भरून काढण्यासाठी दुप्पट करू नये, कारण पुन्हा सुरू करताना दुखापती बहुधा याच घाईत होतात. तापातून उठल्यावर अंगात कसकस असेपर्यंत श्वासाचाच व्यायाम करावा, पण सतरंजी तेवढ्यासाठीही अंथरावी आणि दिनदर्शिकेवर खूण करावी.